घड्याळ माणसावर की कामावर? टीमच्या वेळमोजणीची पार्श्वभूमी

नागपूरच्या मिहानमधल्या किंवा गायत्रीनगरच्या आयटी पार्कमधल्या सॉफ्टवेअर टीमचा कामांचा बोर्ड उघडला की लीड टाइम, सायकल टाइम आणि थ्रूपुट हे आकडे बहुतेक वेळा दिसतातच. काम मागितल्यापासून ते हातात पडेपर्यंतचा काळ म्हणजे लीड टाइम. कुणी ते प्रत्यक्ष हाती घेतल्यापासून संपेपर्यंतचा काळ म्हणजे सायकल टाइम. आठवड्यात किंवा महिन्यात किती कामं पूर्ण झाली ते थ्रूपुट. याच टीमला आठवडा संपताना टाइमशीटही भरायची असते: कुणी कशावर किती तास घातले. दोन्हीकडे वेळच मोजली जाते, त्यामुळे बरेच मॅनेजर दोन्ही आकडे एकाच तक्त्यात मांडतात आणि त्यावरून माणसं जोखतात. माझ्या मते टीममधली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात. कारण या दोन मोजण्यांची घराणी वेगळी आहेत.

पहिलं घराणं माणसाचे तास मोजणारं, आणि ते नागपूरला फार जवळचं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची गिरणी इथे सुरू झाली. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं गेलं, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस मिल. ही गिरणी तशी पुढारलेली. सूत कातायच्या रिंग स्पिंडलसारखं नवं तंत्र तिने फार लवकर वापरून पाहिलं. पण कामगाराचं आयुष्य भोंगा, पाळी आणि हजेरी यांनीच बांधलेलं होतं. कायद्याचं भांडणही तासांचंच होतं. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांचा दिवस १२ तासांवर आणला, १९२२ मध्ये तो ११ तासांचा झाला, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांत १० आणि १९४८ मध्ये ९ तासांचा. यातला एकेक तास कामगारांनी झगडून मिळवलेला आहे, हे विसरून चालणार नाही.

नुसते तास मोजणं कमी पडतंय असं वाटणारा माणूस अमेरिकेत होता. फ्रेडरिक टेलरने १८८० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कंपनीत स्टॉपवॉच घेऊन एकेका हालचालीचा वेळ टिपायला सुरुवात केली. कामाचे बारीक तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला ‘योग्य’ वेळ ठरवायचा आणि मजुरी त्याला बांधायची. १९११ च्या ऑगस्टमध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र-कारखान्यात ओतकाम करणारे कामगार याविरुद्ध कामावरून उठून गेले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत पोहोचलं आणि पुढे सरकारी शस्त्र-कारखान्यांत स्टॉपवॉचवर पैसा खर्च करायलाच मनाई झाली. आपल्याकडे १९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रचंड संप झाला. त्यामागे मालकांची ‘कार्यक्षमता’ योजना हे मोठं कारण होतं: दोन साचे, म्हणजे माग, चालवणाऱ्या विणकराने तीन चालवायचे. साचेवाल्याला त्या योजनेचा अर्थ नीट कळला होता. वेग त्याचा वाढणार होता, आणि शेजारच्याची नोकरी जाणार होती.

मधल्या काळात टेलरचा सहकारी हेन्री गँट याचा आडव्या पट्ट्यांचा चार्ट आला. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्युपाँट कंपनीतून क्रिटिकल पाथची आणि अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून पर्टची पद्धत निघाली. ही प्रकल्पाचं वेळापत्रक आखायची साधनं. काम कुठे अडून पडलंय हे सांगणं हा त्यांचा मूळ हेतू नव्हता.

दुसरं घराणं जपानचं. युद्धानंतर टोयोटाकडे ना भांडवल होतं, ना माल साठवून ठेवायची ऐपत. ताइची ओनो यांनी पुढच्या टप्प्याला लागेल तेव्हाच मागच्या टप्प्याने माल करायचा, अशी घडी बसवली. तो निरोप देणारं कार्ड म्हणजे कानबान. इथे लक्ष मालावर होतं: तो कुठे थांबला, किती वेळ थांबला, का थांबला. १९६१ मध्ये जॉन लिटल या अमेरिकन संशोधकाने रांगांबद्दलचं एक साधं समीकरण सिद्ध केलं. एखाद्या व्यवस्थेत सरासरी जेवढी कामं अडकलेली असतात, त्यांना दर आठवड्याला पूर्ण होणाऱ्या कामांनी भागलं की एका कामाला लागणारे सरासरी आठवडे मिळतात. तीस कामं उघडी आणि आठवड्याला दहा पूर्ण होत असतील, तर नव्या कामाला सरासरी तीन आठवडे लागणारच.

संत्र्याच्या हंगामात कळमना मार्केटबाहेर लागलेली गाड्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं शिकवायला नको. हमाल रोजच्याच वेगाने माल उतरवतात. गाड्या जास्त आल्या की प्रत्येक गाडीचा खोळंबा वाढतो. अशा वेळी हमालांच्या पाठीशी घड्याळ घेऊन उभं राहण्यात काहीच हशील नाही.

सॉफ्टवेअरमध्ये हा विचार रुजला त्यात भारतातल्या एका टीमचा वाटा आहे, आणि हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही याची मला खंत वाटते. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्त्या हैदराबादची एक छोटी टीम करत असे. मागणी आल्यापासून दुरुस्ती हाती पडायला पाच महिन्यांच्या आसपास लागत होते आणि मागणी करणारे वैतागले होते. सॉफ्टवेअरमध्ये कानबान रुजवणारे डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने नीट पाहिलं तेव्हा दिसलं की टीम आळशी नव्हती. प्रत्येक नव्या मागणीचा अंदाज दोन दिवसांत द्यायचा नियम होता, आणि टीमच्या वेळेचा मोठा हिस्सा त्या अंदाजांतच जात होता. त्यातल्या कित्येक मागण्या पुढे कधी केल्याही जात नव्हत्या. मग अंदाज देणं बंद केलं, एका वेळी हाती असलेल्या कामांना मर्यादा घातली आणि जागा रिकामी होईल तशी पुढची मागणी निवडायची असं ठरलं. सुरुवातीला माणसं तीच, पद्धत तेवढी बदलली. लीड टाइम उतरत उतरत दोन आठवड्यांवर आला.

गंमत अशी की कामावर घड्याळ लावायची कल्पना आपल्या सरकारी कायद्यातही आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्या आणि विलंब प्रतिबंध कायद्यानुसार कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने तर दाखल्यासारख्या अधिसूचित सेवांसाठी अर्जाच्या तारखेपासूनच मुदत मोजायला लावली. पहिल्या कायद्यात एका टेबलावरचा मुक्काम मोजला जातो, दुसऱ्यात नागरिकाचा पूर्ण लीड टाइम. अंमलबजावणीबद्दल प्रत्येकाचा अनुभव वेगळा असेल, पण मोजणीची जागा अचूक निवडली आहे.

आयटी कंपन्यांत टाइमशीट आली ती बिलासाठी. ग्राहकाकडून तासांचे पैसे घ्यायचे तर तास लिहावे लागतात, त्यात गैर काही नाही. अडचण होते ती त्याच कागदावरून काम का रखडलं हे शोधायला गेल्यावर. एक तिकीट, म्हणजे बोर्डावरचं एक काम, घ्या: सोमवारी मागणी आली, बुधवारी कोड लिहायला चार तास लागले, गुरुवारी ते रिव्ह्यूच्या, म्हणजे सहकाऱ्याने कोड तपासण्याच्या, रांगेत गेलं. पुढच्या सोमवारी रिव्ह्यू झाला, मंगळवारी टेस्टिंगला दोन तास, मग ग्राहकाच्या मंजुरीची वाट पाहत त्याच आठवड्याच्या शुक्रवारपर्यंत तसंच. लीड टाइम जवळजवळ दोन आठवडे, टाइमशीटवर मात्र सहा तास आणि रिव्ह्यूचा थोडा वेळ. हा फरक पाहून डेव्हलपरला ‘वेग वाढव’ म्हणणं हा निव्वळ अन्याय आहे. आणि सायकल टाइम अप्रेझलला जोडला की माणसं तिकिटाचे तुकडे पाडतात, नाहीतर काम अर्धं झाल्यावरच ते ‘सुरू’ दाखवतात. आकडा सुधारतो आणि ग्राहक तेवढाच थांबतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत निकोल फोर्सग्रेन, जेझ हम्बल आणि जीन किम यांनी सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीचा जो अभ्यास केला त्यातून जी चार मापं रूढ झाली, त्यांतली दोन सरळ वेळेची आहेत: बदल प्रत्यक्ष वापरात यायला लागणारा काळ, आणि बिघाडानंतर सेवा पूर्ववत व्हायला लागणारा काळ. ती अख्ख्या टीमसाठी काढायची असतात, एकेका माणसासाठी नाही. नागपुरातून अमेरिकेसाठी काम करणाऱ्या टीमला हे विशेष लागू पडतं. इथली संध्याकाळ होते तेव्हा न्यूयॉर्कचं ऑफिस नुकतं उघडत असतं, म्हणजे एका साध्या प्रश्नाचं उत्तर यायला एक रात्र जाते. असे तीन प्रश्न पडले की तीन दिवस गेले. ते दिवस कुणाच्याच टाइमशीटमध्ये नसतात. बोर्डावर ‘मंजुरीच्या प्रतीक्षेत’ असा वेगळा रकाना ठेवून त्यातले दिवस मोजणाऱ्या टीमलाच ते ग्राहकासमोर मांडता येतात.