पासवर्ड आणि संगणकातील ओळख-पडताळणी

संगणक-प्रणालीत शिरू पाहणारी व्यक्ती जी असल्याचे सांगते तीच आहे का, हे तपासणे म्हणजे ओळख-पडताळणी. ओळख पटल्यावर तिला काय वाचता येईल आणि काय बदलता येईल, हे ठरवणे म्हणजे प्रवेश-नियंत्रण. कोणी दुसऱ्याच्या नावाने आत शिरले तर पडताळणी फसली. स्वतःच्याच नावाने आलेल्या कारकुनाला सगळ्या कचेरीचे पगार दिसले तर नियंत्रण फसले.

संगणकावर पासवर्ड रुळला तो १९६०च्या दशकात, अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या सीटीएसएस या प्रणालीत. फर्नांडो कोर्बाटो यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. एकच यंत्र अनेकजण वेगवेगळ्या टर्मिनलवरून वापरत, त्यामुळे प्रत्येकाच्या फाइली इतरांपासून राखणे भाग होते. पासवर्ड मात्र एका फाइलीत जसेच्या तसे लिहिलेले असत. १९६६ साली दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करत होते. एक दिवसाची सूचना लिहीत होता, दुसरा पासवर्डची फाइल दुरुस्त करत होता. संपादन-प्रोग्रॅम दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरत असल्याने मजकुरांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकापुढे सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड आले.

प्रणालीने पासवर्ड स्वतःजवळ ठेवूच नये, हा यावरचा खरा उपाय. युनिक्स या कार्यप्रणालीने तो अमलात आणला आणि तिच्यावर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये तो सविस्तर मांडला. पासवर्डवर गणिती प्रक्रिया करून फक्त तिचे उत्तर, म्हणजे हॅश, साठवायचा. पिठातून पुन्हा गहू मिळत नाहीत, तसा हॅशवरून पासवर्ड उलगडत नाही. लॉगिनच्या वेळी टंकलेल्या शब्दावर तीच प्रक्रिया करून उत्तरे जुळतात का, एवढेच पाहायचे. तरी शब्दकोशातला एकेक शब्द घेऊन त्याचा हॅश ताडून पाहणे चोराला शक्य असते. म्हणून प्रक्रिया मुद्दाम संथ केली गेली आणि प्रत्येक पासवर्डला ‘सॉल्ट’ ही १२ बिटांची, म्हणजे ४,०९६ शक्यतांपैकी कोणतीही एक, यादृच्छिक संख्या जोडली गेली. त्यामुळे दोघांनी एकच शब्द निवडला तरी त्यांचे हॅश सहसा वेगळे पडतात आणि आधीच तयार करून ठेवलेली एकच यादी सर्वांवर चालत नाही. याच दोघांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. ८६ टक्के एकतर फार छोटे होते किंवा शब्दकोश, नावांच्या याद्या अशा ठिकाणी सापडणारे होते. पंधराजणांचा पासवर्ड तर एकाच अक्षराचा होता.

म्हणूनच लांबी महत्त्वाची. ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची सक्ती मात्र निरुपयोगी आहे, कारण माणसे जुन्याच शब्दामागचा आकडा एकने वाढवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेनेही २०१७ मध्ये अशी सक्ती करू नये असे सांगितले.

प्रवेश-नियंत्रणाची युनिक्समधील रचना सुटसुटीत आहे: फाइलीचा मालक, त्याचा गट आणि इतर, यांना वाचणे, लिहिणे व चालवणे या परवानग्या स्वतंत्रपणे मिळतात. मोठ्या संस्थांत परवानगी व्यक्तीऐवजी पदाला जोडतात. बँकेत एकजण व्यवहार नोंदवतो आणि दुसरा मंजूर करतो, ती मेकर-चेकर पद्धत याच विचारातली. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे जुने अधिकार काढायचे राहून जाणे ही इथली नेहमीची आणि घातक ढिलाई.

ओळख पटवण्याचे आधार तीन: माहीत असलेली गोष्ट, जवळ असलेली वस्तू आणि शरीराची खूण. यांतील दोन एकत्र आणले की सुरक्षा वाढते. भारतात कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना अतिरिक्त पडताळणी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली. पुढे ओटीपी घरोघरी पोचला. पण एसएमएसने येणारा ओटीपी बोलण्यात गुंतवून काढून घेता येतो किंवा तुमच्या नंबरचे दुसरे सिमकार्ड मिळवून पळवता येतो.

शरीराच्या खुणांवरची सर्वांत मोठी व्यवस्था म्हणजे आधार. तिची सुरुवात २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावातून झाली. कष्टाच्या कामाने झिजलेले बोटांचे ठसे यंत्राला जुळत नाहीत, हा अनुभव रेशन दुकानांत अनेकांना येतो. अशा वेळी दुसरा मार्ग उपलब्ध असणे हा त्या माणसाचा हक्क मानला पाहिजे. शिवाय फुटलेला पासवर्ड बदलता येतो, ठसा बदलता येत नाही.

पासवर्डऐवजी अलीकडे वापरात आलेल्या पासकीमध्ये गुप्त किल्ली, म्हणजे एक मोठी गुप्त संख्या, वापरणाऱ्याच्या ताब्यात राहते आणि संकेतस्थळाकडे फक्त तिची सार्वजनिक जोडकिल्ली असते, जी केवळ पडताळणीपुरती उपयोगी पडते. संकेतस्थळाचा साठा चोरीला गेला तरी त्यातून कोणाच्या नावाने लॉगिन करता येत नाही. पासकी मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने हुबेहूब दिसणाऱ्या बनावट पानावरही ती चालत नाही.