थर्मोस्टॅट की सेन्सर? ओव्हन बिघडला की आधी हे ओळखा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन ओव्हन माझ्यासमोर आले. एक आमच्या कोथरूडच्या घरातला जुना ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल), दुसरा बाणेरला वहिनींकडे ओट्याखाली बसवलेला बिल्ट-इन. आमच्या नानकटाया खालून काळ्या होत होत्या, वहिनींच्या वीस मिनिटांनंतरही मधे कच्च्या राहत होत्या. दोन्ही घरी वेगवेगळे कारागीर येऊन गेले आणि निदान मात्र एकच करून गेले: "सेन्सर गेलाय, बदलावा लागेल."

आमच्या ओटीजीत सेन्सर नावाची वस्तूच नाही. वहिनींच्या ओव्हनमध्ये आहे, पण तो ठणठणीत निघाला.

भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात मी बावीस वर्षं काढली. भट्ट्यांचे आरटीडी, म्हणजे रोधावरून तापमान सांगणारे सेन्सर, तपासणं हे रोजचं काम. घरातल्या काही ओव्हनमध्येही तेच तत्त्व असतं, म्हणून हा घोळ पाहून जीव तुटतो. चुकीचा पार्ट विकत घेतला जातो, आणि बिघाड जिथल्या तिथे राहतो.

ओटीजीचा तापमानाचा नॉब काढला की मागे थर्मोस्टॅट दिसतो. काहींमध्ये बायमेटलची पट्टी असते: दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, तापले की कमीजास्त प्रसरण पावतात आणि पट्टी वाकते. काहींमध्ये ओव्हनच्या आत द्रव भरलेला बल्ब असतो, त्यातून केसासारखी बारीक नळी बाहेर येते आणि द्रव फुगला की पातळ चकती ढकलते. दोन्हींचा शेवट एकच, आतले कॉन्टॅक्ट ‘टक्’ करून उघडतात आणि एलिमेंटची, म्हणजे तापवणाऱ्या सळीची, वीज तुटते. तापमान ओळखायचं आणि वीज तोडायची, ही दोन्ही कामं तो एकटा करतो. १५०० वॉटच्या ओटीजीत २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर करंट या कॉन्टॅक्टमधून जातो, तोही दर काही मिनिटांनी चालू-बंद होत.

सेन्सर यातलं वीज तोडायचं काम करत नाही. बिल्ट-इन ओव्हनच्या आत मागच्या भिंतीला पेन्सिलीहून बारीक स्टीलची कांडी दिसते, तो सेन्सर. बऱ्याच ओव्हनमध्ये त्यात प्लॅटिनम असतं. तापमान वाढलं की त्याचा रोध वाढतो, तो रोध ओव्हनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वाचतो आणि एलिमेंट चालू ठेवायचं की बंद हे रिलेकडून, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर चालणाऱ्या स्विचकडून, करून घेतो. सेन्सरमधून जाणारा करंट अगदी किरकोळ, मिलीअँपिअरमध्ये मोजायचा.

दोघांच्या बिघाडांतला फरक इथूनच सुरू होतो. थर्मोस्टॅट मरतो तो करंटने: ठिणग्या पडून कॉन्टॅक्ट जळतात, मग ओव्हन तापतच नाही, किंवा वितळून चिकटतात, मग ओव्हन थांबतच नाही. बल्बमधला द्रव गळाला तरी अनेक थर्मोस्टॅट वीज तोडत नाहीत. सेन्सरला करंटचा त्रास नाही. त्याचं दुखणं बहुधा वायरीत आणि जोडात असतं, कारण बोर्ड त्याच्याकडून एक आकडा वाचतो आणि वाटेत कुठेही थोडा रोध मिसळला की तो आकडा खोटा होतो.

वहिनींकडे नेमकं हेच झालं होतं. ओव्हनवर १८० लावलं, मधल्या जाळीवर ओव्हनचा थर्मामीटर ठेवला, तर काटा १५५ च्या आसपास घुटमळत होता. प्लग काढला, ओव्हन पूर्ण गार होऊ दिला, मागचं झाकण उघडून सेन्सरचा कनेक्टर सोडवला. मल्टिमीटर २००० ओहमच्या रेंजवर. खोलीत २७ अंश. थेट सेन्सरच्या पिनांवर ११०५ ओहम, म्हणजे पीटी-१००० प्रकारच्या (प्लॅटिनमचा, शून्य अंशाला १००० ओहम) सेन्सरने दाखवायला हवेत अगदी तेवढेच. कनेक्टर परत जोडून तीच वायर बोर्डाच्या टोकाला सोडवून मोजली, तर ११९८. मधले ९३ ओहम आले कुठून? कनेक्टरच्या पिनेवर काळपट हिरवा थर चढला होता, नखाने खरवडला तर भुगा पडला. या सेन्सरमध्ये १८० अंशांच्या आसपास दर अंशाला साधारण ३.७ ओहम वाढतात. म्हणजे बोर्डाला ओव्हन खऱ्याहून २५ अंश जास्त गरम वाटत होता आणि तो आधीच एलिमेंट बंद करत होता. नानकटाया कच्च्या राहत होत्या त्या यामुळे.

वहिनी म्हणाल्या, "अगं, मग सेटिंगमध्ये जाऊन पंचवीस अंश वाढवून टाकू ना. त्या पुस्तकात लिहिलंय तसं."

मी त्यांना हात जोडून नको म्हटलं. काही ओव्हनमध्ये अशी दुरुस्तीची सोय असते आणि पाच-दहा अंशांच्या फरकासाठी ती चांगली आहे. पण गंजलेल्या जोडाचा रोध आज ९३ आहे, पुढच्या महिन्यात दीडशे होईल, आणि कधी धक्का लागून तो परत नीट टेकला तर ओव्हन पंचवीस अंशांनी जास्त तापेल. आम्ही पिना घासल्या आणि तो कनेक्टर काढून सिरॅमिकचा लावला. तिथे साधा प्लॅस्टिकचा कनेक्टर किंवा काळी टेप चालत नाही, उष्णतेने वितळते.

वायर तुटली तर रोध मोजण्यापलीकडे जातो, मीटर आकडाच देत नाही. प्लॅटिनमच्या सेन्सरमध्ये याचा अर्थ बोर्डाला ‘अतिशय गरम’ असा लागतो. शॉर्ट झाली तर आकडा शून्याजवळ, म्हणजे ‘अतिशय गार’. दोन्हींत बहुतेक बोर्ड एरर कोड देऊन थांबतात. कोडचा अर्थ कंपनीप्रमाणे बदलतो, पुस्तिकेतच पाहावा.

पुण्यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इंटरनेटवर खोलीच्या तापमानाला १०८० ते ११०० ओहम असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात ४० अंशांच्या दुपारी मोजलं तर चांगला सेन्सरही ११५५ दाखवेल, आणि डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना १०४७. दोन्ही बरोबर. शंका राहिली तर सेन्सर बाहेर काढून फक्त धातूचं टोक, वायर कोरडी ठेवून, बर्फ-पाण्यात बुडवा: १००० ओहम. मग उकळत्या पाण्यात. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने पाणी ९८ अंशांना उकळतं, म्हणून साधारण १३७७ येईल, १०० अंशांचे १३८५ नाही. हे आकडे पीटी-१००० चे. पीटी-५०० असेल तर सगळे निम्मे धरा. तापल्यावर रोध कमी होत गेला तर तो एनटीसी प्रकारचा, त्याला हे आकडे लागूच नाहीत.

आमच्या ओटीजीची तपासणी याहून सोपी, कारण थर्मोस्टॅटला आकडा नसतो, फक्त ‘जोडलेलं’ किंवा ‘तुटलेलं’. १८० वर ठेवला तर लाल दिवा विझेचना, थर्मामीटर २३० च्या पुढे गेला, ‘टक्’ ऐकूच आलं नाही. प्लग काढला, ओव्हन गरम असतानाच नॉब १०० वर आणला आणि हातमोजे घालून थर्मोस्टॅटच्या दोन टोकांवर मीटर लावला. ओव्हन शंभराहून गरम, म्हणजे ‘तुटलेलं’ दिसायला हवं होतं, पण ‘जोडलेलं’ सांगणारा बीप वाजत राहिला. कॉन्टॅक्ट चिकटले होते. असा ओव्हन ‘लक्ष ठेवून वापरू’ म्हणून चालवू नका, तो स्वतःहून थांबणार नाही. बिल्ट-इनमध्ये हेच लक्षण दिसलं आणि सेन्सरचा आकडा बरोबर आला, तर चिकटलेल्या रिलेवर संशय घ्या.

दिवा विझतो-पेटतो पण तापमान ठरावीक अंशांनी चुकतं, असं असेल तर आधी नॉब बघा. आतलं प्लॅस्टिक तडकून दांड्यावर नॉब फिरलेला असतो, थर्मोस्टॅट निर्दोष असतो. आणि थर्मामीटरचं एकच रीडिंग धरू नका. ओटीजी वीसेक अंश वर-खाली झुलतोच, तीन-चार फेऱ्या पाहून मधला आकडा काढा. फक्त संध्याकाळीच तापायला वेळ लागत असेल तर घरातलं व्होल्टेज मोजा: २३० चे २०० झाले की एलिमेंटची ताकद जवळजवळ पाव भागाने घटते.

नवा थर्मोस्टॅट मी तपकीर गल्लीतून आणला, जुना पिशवीत घालून नेला होता. दुकानदाराने तीन काढून समोर ठेवले. अँपिअर आणि तापमानाची रेंज तिघांचीही जुळत होती, पण दोघांचे दांडे आखूड होते, नॉब बसला नसता.