विक्काच्या देवता आणि नास्तिकांचे आक्षेप : वादाची पार्श्वभूमी

नास्तिकांचे गाजलेले बहुतेक युक्तिवाद एका ठरावीक ईश्वराला समोर ठेवून घडले आहेत : एकमेव, सर्वज्ञ, सर्वशक्तिमान, परमदयाळू आणि जगाचा कर्ता. असा ईश्वर असेल तर दुःख का, हा प्रश्न जुनाच. १९५५ साली एका ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने तो तार्किक विसंगती म्हणून काटेकोरपणे मांडला. त्याच्या एकच वर्ष आधी इंग्लंडमध्ये विक्काची, म्हणजे देवी आणि शिंगधारी देव यांना पूजणाऱ्या आधुनिक चेटूक-पंथाची, जाहीर ओळख करून देणारे पुस्तक निघाले होते. चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, म्हणून ते उघडपणे छापता आले. त्यातले देव सर्वशक्तिमान नव्हते, उलट त्यांनाच माणसांच्या मदतीची गरज होती. दुःखाचा युक्तिवाद अशा देवांना भिडतच नाही.

हा पंथ प्राचीन धर्माचा अखंड वारसा आहे, हा दावा इतिहासकारांनी पुढे मोडीत काढला. मात्र पंथ नवा ठरला म्हणून त्याच्या देवता खोट्या ठरत नाहीत. या दोन गोष्टींची गल्लत आजही होते.

खरा गुंता १९७४ चा. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात चेटकाच्या वेगवेगळ्या परंपरांचे लोक जमले आणि त्यांनी तेरा तत्त्वे संमत केली. त्यांत विश्वातली एक सर्जक शक्ती मानली आहे. ती स्त्री आणि पुरुष अशा दोन ध्रुवांतून प्रकटते आणि सर्व माणसांत वास करते. ‘अलौकिक’ या शब्दाबाबतचा निर्णय मला सर्वांत कळीचा वाटतो. सामान्य माणसाला जाणवते त्याहून ही शक्ती फार मोठी आहे, म्हणून तिला कधी कधी अलौकिक म्हणतात. पण ती सर्वांच्या ठायी निसर्गतःच असलेल्या सामर्थ्यातली आहे, असे त्या तत्त्वात लिहिले गेले. बाह्य जगाबरोबर आंतरिक, मानसिक जगही मान्य केले गेले.

या शब्दयोजनेने दोन दारे एकदम उघडी राहिली. शक्ती निसर्गातलीच असेल, तर निसर्गाबाहेरचे काही नाही म्हणणाऱ्या नास्तिकाशी भांडण उरत नाही. पण मग मंत्रविधीने काही घडते या दाव्याची तपासणी निसर्गातल्या इतर दाव्यांसारखीच व्हायला हवी, आणि पुराव्याचा आक्षेप पूर्वीपेक्षा जास्त जोराने लागू होतो. दुसरे दार मनाचे. देवी आणि शिंगधारी देव हे मनातले आदिबंध, म्हणजे माणसांच्या मनात खोल रुजलेल्या मूळ प्रतिमा, मानले, तर नास्तिकाला खोडून काढण्याजोगे काही हाती लागत नाही. त्याची किंमतही मोठी आहे : ज्याला हाक मारायची, तो हाकेपलीकडे कुणी नाही. हा मार्ग सोयीचा आहे, पण ज्यांची देवीवर मनापासून श्रद्धा आहे त्यांच्यावर तो अन्याय करतो, असे माझे मत आहे.

तत्त्वे संमत करणारी परिषद त्याच वर्षी विसर्जित झाली. मसुदा मात्र पुढे अमेरिकी लष्कराच्या धर्मगुरूंसाठीच्या माहितीपुस्तिकेत गेला, आणि संपूर्ण पंथाची भूमिका म्हणून वाचला जाऊ लागला. १९८६ मध्ये तिथल्या एका संघीय अपील न्यायालयाने विक्काला धर्म मानले. देवता खऱ्या आहेत का, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

२००४ नंतरच्या काही वर्षांत खपाचे उच्चांक गाठणारी नास्तिक पुस्तके आली. त्यांचा रोख एकेश्वरवादी धर्मांवर होता. विक्काच्या लोकांनी ती वाचून ‘हे आमच्याबद्दल नाही’ म्हटले आणि ते बऱ्याच अंशी खरे होते. पुढच्या दशकात मात्र वाद घरातच पेटला. देवता स्वतंत्र, खऱ्या आणि अनेक आहेत असे मानणारे एका बाजूला, तर देव न मानता ऋतूंचे सण पाळणारे निरीश्वरवादी दुसऱ्या बाजूला उभे राहिले. पहिल्या गटाला नास्तिकांचा जुना प्रश्न आता एकाच वर्तुळात बसलेल्या सोबत्यांकडून ऐकावा लागला : देवी आहे, हे तुम्हाला कशावरून कळते?