तेच पुन्हा का पाठवायचं?

सोलापुरी चादरीवरचा मोर आडव्या ओळीत चार-सहा वेळा दिसतो आणि खाली तीच ओळ पुन्हा येते. जुन्या जकार्डच्या मागावर मात्र त्यासाठी पुठ्ठ्याची कार्डं एकाच मोरापुरती असायची. एक कार्ड म्हणजे आडव्या धाग्याची एक फेर. भोक असेल तिथला हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे उभे धागे वर येतात. एका हुकाला अनेक दोऱ्या बांधल्या की तीच नक्षी रुंदीत पुन्हा उमटते. कार्डांच्या माळेची दोन टोकं जोडून ती गोल फिरवली की लांबीतही. फ्रान्समधल्या लिऑनच्या जोसेफ मारी जकार्डने १८०४ च्या सुमारास हा माग तयार केला. एकदा सांगितलेली नक्षी दुसऱ्यांदा सांगायची नाही, हे शहाणपण आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या कारखान्यांत पिढ्यान् पिढ्या खडखडत होतं.

आता डिझाइन फाइलमधून येतं, इलेक्ट्रॉनिक जकार्ड ती वाचतो. ती फाइल नेटवर्कवरून कशी जाते, त्यामागची ही पार्श्वभूमी. हा इतिहास सहसा वेगाचा म्हणून सांगितला जातो: आधी मोडेम, मग ब्रॉडबँड, मग फायबर. मला त्यातली खरी बुद्धी दुसरीकडे दिसते. समोरच्याकडे जे आहे ते पुन्हा पाठवायचं कशाला, हा प्रश्न काही माणसांनी चिकाटीने विचारला.

सुरुवात तुकड्यांपासून झाली. टेलिफोनवर दोघं बोलत असताना, गप्प बसले तरी, लाइन त्यांच्यासाठीच अडकून राहायची. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की संदेशाचे छोटे तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि एकाच लाइनीवरून अनेकांचे तुकडे जाऊ द्यावेत. 'पॅकेट' हे नाव डेव्हिस यांचं. २९ ऑक्टोबर १९६९ ला अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी संगणक-जाळ्यावर, पहिला संदेश गेला. 'लॉगिन' लिहायचं होतं, दोन अक्षरं पोचली आणि यंत्रणा बंद पडली. पुढे १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी टीसीपीची, म्हणजे तुकडे नीट पोचवण्याच्या नियमांची, मांडणी केली. तुकडा हरवला तर पोच येत नाही आणि तेवढाच तुकडा पुन्हा पाठवता येतो, ही सोय त्यात होती.

एप्रिल १९७१ मध्ये फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याचे नियम लिहिणारा माणूस आपल्याकडचा होता, हे फार थोड्यांना माहीत असतं. अभय भूषण हे आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. तिथून ते एमआयटीत गेले आणि या नियमांचा, म्हणजे एफटीपीचा, पहिला मसुदा त्यांनी लिहिला. तेव्हा प्रत्येक यंत्राची अक्षरं साठवण्याची रीत वेगळी होती. या भांडणाऱ्या यंत्रांना फाइलपुरती एक भाषा देण्याचं काम त्यांनी केलं. अभियांत्रिकीच्या वर्गात हे नाव आवर्जून सांगितलं जावं असं मला मनापासून वाटतं.

पण 'हरवलं तर पुन्हा पाठव' या नियमाने १९८६ मध्ये घात केला. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर चारशे यार्ड, म्हणजे पायी पाच मिनिटं. तिथला वेग सेकंदाला ३२,००० बिटवरून ४० बिटवर आला. सेकंदाला पाच अक्षरं! गर्दीत पॅकेट हरवत होती, सगळे ती पुन्हा पाठवत होते आणि त्याने गर्दी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी उपाय शोधून १९८८ मध्ये मांडला: हळू सुरुवात करा, पोच येईल तसा वेग वाढवा, पॅकेट हरवलं की हात आखडता घ्या. बदल फक्त टोकाच्या संगणकांत केला, मधली एकही तार हलवावी लागली नाही.

फाइल लहान करून पाठवण्याची गोष्ट तर थेट जकार्डच्या माळेशी जुळते. १९७७ मध्ये इस्रायलच्या अब्राहम लेंपेल आणि जेकब झिव्ह यांनी दाखवलं की मजकुरात आधी येऊन गेलेला तुकडा पुन्हा आला तर तो लिहायची गरज नाही. 'इतकी अक्षरं मागे जा, इतकी उचल' एवढी खूण पुरते. झिप फाइलच्या पोटात हीच युक्ती आहे.

नवी पेठेतल्या सायबर कॅफेत मी तासाचे पैसे मोजून फाइल उतरवायचो. नव्वद टक्क्यांवर लाइन तुटली की पुन्हा शून्यापासून. त्या हताशेची आठवण आजही बोचते, कारण उपाय तेव्हा कागदावर होता. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ मध्ये, म्हणजे वेबवरून पानं आणि फाइली मागवण्याच्या नियमांत, 'या बाइटपासून पुढचं दे' असं मागण्याची सोय आहे. दोन्ही टोकांनी ती पाळली तरच उपयोग.

२००१ मध्ये ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणलं, फाइल उतरवणाऱ्यांनीच ती एकमेकांना वाटायची पद्धत. वर्गात एकच वही आणि झेरॉक्सला साठ जण, अशा वेळी शहाणी मुलं प्रत्येकी वेगळी पानं घेतात आणि आपसांत वाटतात. जे पान सगळ्यांत कमी जणांकडे आहे ते आधी. बिटटोरेंटही फाइलच्या तुकड्यांशी तसंच वागतं.

माझी सर्वांत आवडती गोष्ट १९९६ ची आहे, ती मुद्दाम मागे ठेवली. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक लिहिलं, दोन संगणकांवरच्या प्रती जुळवून घेणारा प्रोग्राम. जुनी प्रत तुमच्याकडे, नवी माझ्याकडे. दोन्ही शेजारी न ठेवता फरक कसा कळणार? तुम्ही जुन्या फाइलचे ठरावीक ठोकळे करून प्रत्येकातल्या मजकुरावरून हिशेबाने काढलेल्या दोन छोट्या खुणा मला पाठवता, एक झटपट निघणारी, एक पक्की. मी माझ्या फाइलवर तेवढीच खिडकी एकेक बाइट सरकवत जातो. झटपट खूण अशी बेतलेली आहे की खिडकी सरकली तरी हिशेब पहिल्यापासून करावा लागत नाही, एक बाइट वजा, एक बाइट अधिक. ती जुळली तर पक्की तपासायची. जे जुळलं ते तुमच्याकडे आहेच, उरलेलंच पाठवायचं. म्हणून सुरुवातीला चार ओळी घुसवून पुढचं सगळं सरकलं, तरी जुने ठोकळे नव्या जागी सापडतात.

एमआयडीसीतले माझ्या ओळखीचे एक टॉवेल कारखानदार डिझाइनचं फोल्डर रोज रात्री घरच्या संगणकावर याच पद्धतीने उतरवतात. आधी ते फाइली झिप करून ठेवत, तेव्हा एक फूल बदललं तरी जवळजवळ सगळी फाइल नव्याने जायची, कारण झिपमध्ये पहिल्या बदलानंतरचं जवळपास सगळंच बदलून जातं. आता फाइली झिप न करता साध्या ठेवल्या आहेत आणि दाबून लहान करण्याचं काम वाटेवर आरसिंककडे सोपवलं आहे. परवा एका नॅपकीनची बॉर्डर बदलली, तर रात्री तेवढी बॉर्डरच गेली.