मुकी बेट्स का गेला? बोस्टनच्या भांडणामागचा शंभर वर्षांचा हिशेब

१५ जून २०२५ ला अमेरिकन बेसबॉलमधल्या बोस्टन रेड सॉक्स संघाने आपल्या घरच्या फेनवे पार्कवर जुन्या प्रतिस्पर्ध्याला, न्यू यॉर्क यँकीजला सलग तिसऱ्या सामन्यात हरवलं. रेड सॉक्सच्या रफाएल डेव्हर्सने त्यात होमरनही (बेसबॉलमधला षटकारच) मारला. आणि त्याच संध्याकाळी बातमी आली की डेव्हर्स आता बोस्टनचा राहिलेला नाही, त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडे देऊन टाकलं आहे. अडीच वर्षांपूर्वी याच संघाने त्याच्याशी दहा वर्षांचा, ३१.३५ कोटी डॉलरचा करार केला होता. उरलेले पंचवीस कोटींहून जास्त डॉलर आता जायंट्स भरणार होते.

त्यानंतर बोस्टनमध्ये जे जुंपलं त्यात डेव्हर्सइतकंच नाव निघत होतं संघाच्या आणखी एका लाडक्या खेळाडूचं, मुकी बेट्सचं, जो पाच वर्षांपूर्वीच लॉस एंजेलिसला गेला होता. एका बाजूचं म्हणणं, मालकाकडे पैसा आहे, तो काढत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, खालून तयार पोरं येत आहेत, दहा-दहा वर्षांचे करार गळ्यात बांधून घेऊ नका. हे भांडण नेहमीचं वाटतं, पण दोन्ही बाजू ज्या गोष्टी मोजतात त्या नेहमीच्या नाहीत. खेळाडू किती वर्षं आपल्या ताब्यात आहे, संघाचा पगारखर्च कराच्या रेषेच्या वर आहे की खाली, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कितवा क्रमांक मिळणार, हा हिशेब चाहते तोंडपाठ सांगतात. तो त्यांच्या डोक्यात शिरला कसा, हे बघायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात अर्थात बेब रूथपासून, रेड सॉक्सच्या तेव्हाच्या हुकमी खेळाडूपासून. १९१८ ला अजिंक्य ठरलेल्या रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी हे नाटकवाले. रूथने १९१९ मध्ये २९ होमरन मारून तोवरचा विक्रम मोडला आणि दहा हजार डॉलरच्या पगाराऐवजी वीस हजार मागितले. फ्रेझींवर आधीच्या मालकाचं देणं होतं. डिसेंबर १९१९ मध्ये त्यांनी रूथला एक लाख डॉलरला यँकीजला विकलं, शिवाय यँकीजच्या मालकाकडून फेनवे पार्क गहाण ठेवून मोठं कर्जही घेतलं. पुढल्या वर्षी रूथने ५४ होमरन मारले. बोस्टनला पुढचं अजिंक्यपद मिळायला २००४ उजाडलं. फ्रेझींनी एका नाटकासाठी रूथ विकला, ही दंतकथा लोकांना फार प्रिय आहे. खरी गोष्ट मात्र साधी आहे. खेळाडूने वाढ मागितली, मालकाची गरज पैशाची होती आणि खेळाडूला ‘मी जाणार नाही’ म्हणायची सोय नव्हती.

ही सोय का नव्हती, तर ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे. करार संपला तरी पुढच्या वर्षासाठी खेळाडूला राखून ठेवायचा हक्क संघाला होता, आणि तो हक्क मालक वर्षानुवर्षं, अंत नसल्यासारखा वापरत. खेळाडूने सही करायची, नाहीतर घरी बसायचं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होत नाही असा निकाल दिल्यावर तर मालकांना कसली भीतीच उरली नाही. त्या काळी चाहते ट्रेडवर, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या देवाणघेवाणीवर, भांडत, पण पगारावर भांडायचं कारणच नव्हतं. खेळाडू स्वस्तच असायचे आणि कायमचे असायचे.

हे मोडायला निघालेला माणूस म्हणजे कर्ट फ्लड. सेंट लुई कार्डिनल्सचा हा सेंटरफिल्डर बारा हंगाम तिथे खेळला, उत्तम क्षेत्ररक्षणाचे सात गोल्ड ग्लव्ह पुरस्कार जिंकला, आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला कळलं की आपल्याला फिलाडेल्फियाला दिलं आहे. त्याने जायचं नाकारलं. त्या वर्षीच्या नाताळच्या आदल्या दिवशी त्याने बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, बोवी कून यांना पत्र लिहिलं, की बारा वर्षं खेळल्यावर, मर्जीविरुद्ध विकत घ्यावी-विकावी अशी मी काही मालमत्ता नाही. लिहिणारा कृष्णवर्णीय होता आणि देशात नागरी हक्कांच्या लढ्याची धग अजून ताजी होती, त्यामुळे या शब्दांना वजन होतं. खटला चालला तेव्हा जॅकी रॉबिन्सन, मोठ्या लीगमधले आधुनिक काळातले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, साक्षीला आले. त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू मात्र फिरकला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. तोवर त्याची कारकीर्द संपलेली होती.

न्यायालयात जे जमलं नाही ते लवादापुढे जमलं. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेले, मुरलेले गृहस्थ. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांनी १९७५ चा हंगाम सही न करता सुरू केला. मिलर यांनी मुद्दा मांडला की राखून ठेवायचं वर्ष एकच, ते संपलं. २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी तो मान्य केला. मालकांनी लगेच साइट्झ यांनाच काढून टाकलं, पण बाण सुटला होता.

आता गंमत पुढची. ओकलंडचे मालक चार्ली फिनली म्हणाले, मग दर वर्षी सगळ्यांनाच मुक्त करून टाका. इतर मालकांनी त्यांना वेड्यात काढलं. मिलर यांना मात्र याच सूचनेची धास्ती होती, कारण बाजारात एकदम सगळाच माल आला तर भाव पडणार. तसं झालं नाही. १९७६ च्या करारात तडजोड निघाली: मोठ्या लीगमध्ये सहा वर्षं पूर्ण केलेला खेळाडूच फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा, होईल. आजचं सगळं भांडण या सहाच्या आकड्यावर उभं आहे. पहिली साधारण तीन वर्षं खेळाडू किमान पगाराच्या आसपास खेळतो, पुढची तीन लवादाने ठरणाऱ्या पगारावर, आणि मग बाजारभावाने. म्हणजे बाविशीतला चांगला खेळाडू हा संघाच्या हातातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मौल्यवान माल. मायनर लीगमधली, म्हणजे मोठ्या संघांच्या खालच्या पातळीवरची, अजून मोठ्या मैदानावर पाऊलही न ठेवलेली पोरं चलनासारखी वापरली जाऊ लागली ती यामुळेच.

बोस्टनला याचा चटका १९९० मध्ये बसला. ऑगस्टच्या अखेरीस संघ आपल्या विभागात आघाडीवर होता, पण एक भरवशाचा रिलीफ पिचर, म्हणजे सामन्याच्या मध्यावर येणारा राखीव गोलंदाज, हवा होता. ह्यूस्टनकडून ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन आणला आणि बदल्यात दिला जेफ बॅगवेल: बोस्टनमध्येच जन्मलेला, तेव्हा मायनर लीगच्या डबल-ए पातळीवर खेळणारा तिसऱ्या बेसचा पोरगा. अँडरसनने उरलेल्या हंगामात १५ सामन्यांत उत्तम मारा केला, हे आवर्जून सांगायला हवं. विभाग जिंकला, पण पुढे ओकलंडने चार-शून्य असा धुव्वा उडवला आणि अँडरसन हंगाम संपताच निघून गेला. बॅगवेल १९९१ चा सर्वोत्तम नवोदित ठरला, १९९४ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ४४९ होमरन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला, तेही सगळं ह्यूस्टनसाठी. बोस्टनमध्ये आजही कुठला तरुण खेळाडू देऊन कोणी अनुभवी माणूस आणायचं म्हटलं, की ‘बॅगवेल’ एवढं एकच नाव उच्चारलं जातं.

पण याच्या उलट उदाहरणही याच गावात आहे. नोव्हेंबर २००५ मध्ये हॅन्ली रामिरेझ हा नावाजलेला प्रॉस्पेक्ट (मोठ्या संघाच्या उंबरठ्यावरचा तरुण खेळाडू) फ्लोरिडाला देऊन जॉश बेकेट आणि माइक लोवेल आणले. रामिरेझ पुढल्याच वर्षी सर्वोत्तम नवोदित झाला. पण २००७ मध्ये बेकेटने २० सामने जिंकले, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, मानकरी लोवेल ठरला आणि करंडक बोस्टनला आला. दोन्ही बाजूंकडे आपापला पुरावा तयार असल्यावर वाद मिटणार कसा?

तोवर मालक बदलले होते. २००२ मध्ये जॉन हेन्री यांच्या गटाने संघ घेतला. हेन्रींनी पैसा कमावला वायदेबाजारात, त्यामुळे आकड्यांवर त्यांचा जीव. आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांना त्यांनी सल्लागार नेमलं, २८ वर्षांच्या थिओ एपस्टाइनकडे कारभार दिला. याच गटाने २०१० मध्ये लिव्हरपूल फुटबॉल क्लब विकत घेतला. मुंबई-पुण्यातले लिव्हरपूलचे चाहते ‘मालक हात आखडता घेतात’ म्हणून कुरकुरतात, ते याच हेन्रींबद्दल.

बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी पर्स नसते. पगारावर मर्यादा आणण्याचा मालकांचा प्रयत्न १९९४ च्या संपात फसला. त्या संपाने वर्ल्ड सिरीजच बुडवली. त्यानंतर आला लक्झरी टॅक्स: ठराविक आकड्याच्या वर पगार गेला की वरच्या रकमेवर कर. २००३ मध्ये ही रेषा ११.७ कोटी डॉलरवर होती, २०२५ मध्ये २४.१ कोटींवर. सलग वर्षं ओलांडली तर दर चढत जातो, एक वर्ष खाली आलात की पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात. रेड सॉक्सने २००४ ते २००७ ओळीने हा कर भरला आणि त्यात दोन अजिंक्यपदं मिळवली. २०१८ मध्ये सगळ्यात मोठा पगारखर्च करून १०८ सामने जिंकले आणि पुन्हा अजिंक्य ठरले. म्हणजे रेषा ओलांडणं बोस्टनला पचत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. फक्त २०१३ चं अजिंक्यपद वेगळं: आदल्या ऑगस्टमध्ये पंचवीस कोटी डॉलरहून जास्त पगारांचं ओझं लॉस एंजेलिस डॉजर्सच्या गळ्यात घालून, मधल्या फळीतले खेळाडू घेऊन मिळवलेलं. धीर धरा म्हणणारे त्या वर्षाचा दाखला देतात.

बेट्सचं प्रकरण या पार्श्वभूमीवर वाचायला हवं. २०११ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीत घेतलेला, संघाच्याच मायनर लीगमध्ये वाढलेला, २०१८ चा सर्वोत्तम खेळाडू. २०२० संपताच त्याची सहा वर्षं भरणार होती. दहा वर्षांचा तीस कोटींचा प्रस्ताव त्याने नाकारल्याचं छापून आलं होतं. संघाने २०१८ मध्ये सुमारे १.२ कोटी आणि २०१९ मध्ये सुमारे १.३४ कोटी डॉलर कर भरला होता. तिसऱ्या वर्षी दर पन्नास टक्के होणार होता. संघाचा कारभार बघणारे डेव्ह डॉम्ब्रोव्स्की यांना सप्टेंबर २०१९ मध्ये काढलं आणि काटकसरीसाठी प्रसिद्ध असलेल्या टँपा बे रेजमधून हाइम ब्लूमना आणलं, तेव्हाच जाणकारांनी ओळखलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये बेट्स आणि डेव्हिड प्राइस डॉजर्सकडे गेले. प्राइसच्या उरलेल्या ९.६ कोटींपैकी निम्मे बोस्टननेच भरायचे होते. बदल्यात आले अ‍ॅलेक्स व्हर्डुगो, जीटर डाउन्स आणि कॉनर वाँग. जुलैमध्ये बेट्सने डॉजर्सशी १२ वर्षांचा ३६.५ कोटींचा करार केला आणि त्याच वर्षी तिथे अजिंक्यपद मिळवलं. डाउन्स बोस्टनसाठी जेमतेम १४ सामने खेळला.

माझं मत विचाराल तर या व्यवहारात बोस्टनला कोणी भाग पाडलं नव्हतं. कर हा दंड आहे, बंदी नाही. वर्षाला सव्वा कोटीचा कर त्यांना झेपलेला होता, तो वाढला असता एवढंच. ती रेषा छताप्रमाणे मानायची हा निर्णय मालकांचा होता. पण ब्लूमवर सगळं खापर फोडणाऱ्यांचंही मला पटत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी लाडका कॅचर ख्रिश्चन व्हास्केझ ह्यूस्टनला दिला तेव्हा लोक पेटले होते. त्या ट्रेडमध्ये आलेला विल्यर अब्रेयू दोन वर्षांनी गोल्ड ग्लव्ह जिंकून बसला. ब्लूमची खरी चूक त्याच महिन्यातली: ना धड विकलं, ना धड घेतलं. संघ विभागात शेवटचा आला, तरी रेषेच्या थोडासा वर राहिला. त्यामुळे डिसेंबरमध्ये संघाचा आणखी एक आधार झँडर बोगार्ट्स फ्री एजंट म्हणून सॅन दिएगोला गेला तेव्हा भरपाई म्हणून मिळालेली ड्राफ्टची निवडही खालची होती. पैसाही गेला आणि माणूसही.

बोगार्ट्स गेल्यावर जानेवारी २०२३ मध्ये डेव्हर्सशी तो मोठा करार झाला. तो खेळाडूपेक्षा चाहत्यांशी केलेला करार होता असं म्हटलं तर फार चुकणार नाही. ब्लूम त्याच वर्षी गेले, त्यांच्या जागी क्रेग ब्रेस्लो आले. अध्यक्ष टॉम वर्नर यांनी पूर्ण वेगाने संघबांधणी करू असं जाहीर केलं आणि त्या हिवाळ्यात फारसं काही घडलं नाही, हेही बोस्टनकर विसरलेले नाहीत. मग डिसेंबर २०२४ मध्ये काइल टील, ब्रेडन माँटगोमेरी यांच्यासह चार प्रॉस्पेक्ट देऊन पिचर गॅरेट क्रोशे आणला. फेब्रुवारीत तिसऱ्या बेसवर खेळणाऱ्या अ‍ॅलेक्स ब्रेगमनला घेतलं आणि डेव्हर्सची तिथली जागा गेली. आधी नुसती फलंदाजी कर म्हटलं, मग मे महिन्यात पहिला बेसमन ट्रिस्टन कासास जायबंदी झाल्यावर पहिल्या बेसवर उभा राहा म्हटलं. डेव्हर्सने जाहीर नकार दिला. हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला जाऊन त्याला भेटले. महिनाभरात तो गेला. बदल्यात आलेल्यांपैकी जेम्स टिब्सला पुढे जुलैअखेर पाठवलं तेही डॉजर्सकडेच.

दरम्यान रोमन अँथनी नावाचा २१ वर्षांचा पोरगा डेव्हर्स जाण्याच्या सहा दिवस आधी मोठ्या संघात आला होता. ऑगस्टमध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा १३ कोटींचा करार झाला. त्याआधी क्रोशेलाही सहा वर्षांसाठी १७ कोटींवर बांधून घेतलं होतं. म्हणजे पैसा निघतो आहे, पण तो तिशीकडे झुकलेल्यांसाठी नाही, तर सहा वर्षं भरायच्या आत, स्वस्तात बांधता येणाऱ्यांसाठी. संघ त्या वर्षी प्लेऑफला पोचला आणि पहिल्याच फेरीत यँकीजकडून हरला. त्यावर दोन्ही बाजू ‘बघा, आम्ही सांगत होतो’ म्हणाल्या.

मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. मालकांना पगारावर पक्की मर्यादा हवी आहे, संघटना १९९४ पासून त्याला नाही म्हणत आली आहे. मर्यादा आलीच, तर हेन्रींना ‘पैसा काढा’ म्हणायची सोयच संपेल आणि भांडण उरेल ते फक्त कोणाला ठेवायचं, कोणाला जाऊ द्यायचं याचं. नाही आली, तर अँथनीच्या कराराची आठ वर्षं संपत येतील तेव्हा बेट्सचं नाव पुन्हा निघेलच.