गोदावरी : एका जुन्या नावाची पार्श्वभूमी

जुन्या पिढीतील गोदाबाई, गोदूताई किंवा गोदाक्का यांचे पाळण्यातले नाव बहुधा गोदावरी असे. नाशिकमध्ये हे नाव इतके घरचे आहे की त्याचा इतिहास शोधावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. परंतु नदीचे नाव मुलीला देण्याची ही रीत धर्मशास्त्रातील एका स्पष्ट निषेधाला न जुमानता रूढ झाली आहे. वधू निवडताना नक्षत्र, वृक्ष आणि नदी यांची नावे असलेल्या मुली टाळाव्यात, असे मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो. तरीही महाराष्ट्रात गंगा, यमुना, सरस्वती, नर्मदा आणि गोदावरी ही नावे पिढ्यानपिढ्या ठेवली गेली. याचे कारण, मला वाटते, ‘गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति’ या स्नानाच्या श्लोकात सापडते. ज्या नद्यांना रोज सकाळी नावाने बोलावायचे, त्यांचे नाव लेकीला देणे लोकांना मंगलच वाटले असणार.

नावाचा रूढ अर्थ त्र्यंबकेश्वरच्या कथेशी बांधलेला आहे. गौतम ऋषींच्या शेतात शिरलेली गाय दर्भाच्या काडीने गतप्राण झाली, तो दोष जावा म्हणून त्यांनी शंकराची आराधना केली आणि ब्रह्मगिरीवर गंगा अवतरली. ऋषींच्या नावावरून ती गौतमी झाली आणि गाईला जीवन देणारी म्हणून गोदा. नाशिककर आजही नदीला ‘गंगा’च म्हणतात आणि घाटावर जाण्याला ‘गंगेवर जाणे’. हाल सातवाहनाच्या नावे असलेल्या ‘गाथासप्तशती’त हीच नदी प्राकृतात ‘गोला’ म्हणून भेटते, तेव्हा तिचे आटोपशीर नाव निदान दीड हजार वर्षे तरी जुने आहे.

मात्र माहेरचे हे नाव लग्नानंतर टिकेलच असे नव्हते, कारण सासरी तांदळात नवे नाव लिहिले जाई. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाई 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या आणि पुढे ‘बाया कर्वे’ म्हणून ओळखल्या गेल्या. विधवा-विवाहाच्या इतिहासातील एवढ्या महत्त्वाच्या स्त्रीचे मूळ नाव आज फार थोड्यांना आठवते, याचे वाईट वाटते. याउलट 1907 मध्ये जन्मलेल्या गोदावरी गोखले श्यामराव परुळेकरांशी विवाह झाल्यावरही गोदावरीच राहिल्या. 1945 च्या वारली उठावात वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिलेल्या गोदावरी परुळेकर लोकांत ‘गोदूताई’ म्हणून ओळखल्या जात, आणि सोलापूरजवळ कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेल्या 10,000 घरांच्या वसाहतीलाही त्यांचेच नाव दिलेले आहे.