जिबरेलिन

जिबरेलिन हे वनस्पतींमधील वाढीच्या प्रमुख संप्रेरकांपैकी एक. खोडाची पेरे लांबवणे, बी उगवताना साठवलेले अन्न मोकळे करणे आणि फळ पोसणे ही त्याची ठळक कामे. १३०हून अधिक जिबरेलिने ज्ञात आहेत. त्यांपैकी वनस्पतीवर थेट परिणाम करणारी मोजकीच. बाकीची त्यांच्या आधीच्या किंवा निकामी झालेल्या अवस्था असतात.

त्याचा शोध लागला तो भाताच्या रोगातून. ‘बाकानाए’ रोगात रोपे पिवळट पडून शेजारच्या रोपांपेक्षा उंच, किडकिडीत वाढतात आणि बहुधा दाणे न भरताच मरतात. एइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये तैवानमध्ये दाखवून दिले की, रोगाची बुरशी वाढवलेला द्रव गाळून, बुरशीविनाच, निरोगी रोपांना दिला तरी ती तशीच उंच होतात. तेइजिरो याबुता यांनी १९३५ मध्ये या द्रव्याला बुरशीच्या शास्त्रीय नावावरून जिबरेलिन म्हटले. वनस्पती हे द्रव्य स्वतःही तयार करतात, हे मात्र १९५०च्या दशकात सिद्ध झाले.

संदेश पोचतो कसा, याचे उत्तर बऱ्याच उशिरा मिळाले आणि ते काहीसे उलटे आहे. जिबरेलिन वाढीला ढकलत नाही. ते वाढीला बांधून ठेवणारे दावे सोडते. पेशीच्या केंद्रकात ‘डेला’ नावाची प्रथिने वाढीची जनुके दाबून ठेवतात. जिबरेलिन ‘जीआयडी-१’ या ग्राहक (संदेश टिपणाऱ्या) प्रथिनाला चिकटले की त्या प्रथिनाचा आकार बदलतो व ते डेलाला धरते. धरलेल्या डेलावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि पेशीतील प्रोटिअसोम ही यंत्रणा त्याचे तुकडे करते. हा ग्राहक २००५ मध्ये जपानी संशोधकांना भातातच सापडला.

हरितक्रांतीतील बुटक्या वाणांचे कोडे यामुळे उलगडले. जुने उंच गहू-भात भरपूर नत्र दिले की लोळत. ‘नोरिन १०’ या जपानी गव्हाकडून आलेल्या बुटकेपणात डेलाचा जीआयडी-१ला ओळख देणारा भागच नाही. डेला नष्ट होत नाही, म्हणून जिबरेलिन फवारूनही हा गहू उंच होत नाही. १९६६ मध्ये आलेल्या ‘आयआर-८’ भाताचे कारण वेगळे: त्यात जिबरेलिन बनवणारे एक विकर (एन्झाइम) सदोष आहे. बाहेरून संप्रेरक दिले की तो उंच वाढतो. दोन्ही पिके बुटकी दिसतात, पण एकात संदेश कमी पडतो आणि दुसऱ्यात तो ऐकला जात नाही. मेंडेल यांच्या बुटक्या वाटाण्यातही दोष संप्रेरक बनवणाऱ्या विकरातच होता.

बियाण्यात काम वेगळे, पण रीत तीच. सातूचे बी भिजले की गर्भाकडून जिबरेलिन पिठूळ भागाभोवतीच्या पेशींच्या थरात जाते. तेथे अमायलेज हे विकर तयार होते व पिष्टाची साखर होते. माल्ट बनवण्याच्या उद्योगाचा पाया हाच.

महाराष्ट्रात हे नाव सर्वांत जास्त ऐकू येते ते नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत, ‘जीए’ (जिबरेलिक ॲसिड) या रूपात. द्राक्षात जिबरेलिनचा मोठा पुरवठा बियांकडून होतो. थॉमसन सीडलेसमध्ये बी पूर्ण वाढत नाही, म्हणून मणी बारीक राहतो. तो फुगवण्यासाठी घड द्रावणात बुडवतात, ज्याला बागायतदार ‘डिपिंग’ म्हणतात. त्याआधी फुलोऱ्यापूर्वीच्या फवारणीने घडाचा दांडा लांबवून मण्यांना जागा केली जाते. मात्रा दशलक्ष भागांत काही भाग एवढी अल्प असते. वेळ चुकली तर तीच घातक ठरते. वेलीत जिबरेलिन घडाऐवजी तणावाकडे (वेल ज्याने आधार धरते त्या तंतूकडे) कल झुकवते, त्यामुळे अतिरेकाने पुढच्या हंगामातील फळधारणा घटू शकते. ‘पिनो म्यूनिए’ द्राक्षापासून मिळवलेल्या एका बुटक्या वेलीत डेला नष्ट होत नाही. तिच्यावर तणावांच्या जागी घड लागतात, असे २००२ मध्ये आढळले.

आंब्यातही जिबरेलिन मोहोराऐवजी पालवीला अनुकूल असते. म्हणून कोकणात पावसाळ्यात हापूसच्या बुंध्याभोवतीच्या मातीत पॅक्लोब्युट्राझोल देतात. ते जिबरेलिनची निर्मिती अडवते. वाढ आवरते, मोहोर लवकर व अधिक नियमित येतो. हे रसायन मातीत बराच काळ टिकते, म्हणून दरवर्षी तीच मात्रा ओतणे शहाणपणाचे नाही.